हेडफोन लावून पूर्ण बँडची प्रॅक्टिस, नक्की काय काय लागतं?

बेताल_पण_खुशाल

मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय. आमचा पाच जणांचा बँड आहे, ड्रम्स, बेस, दोन गिटार (त्यातला एक मी) आणि एक कीबोर्डवाली, तीच गातेही. इतके दिवस माझ्या खोलीत ॲम्प लावून वाजवायचो, पण खालच्या मजल्यावरचे काका दोनदा वर येऊन गेले, पहिल्यांदा हसत आणि दुसऱ्यांदा न हसता, तर तिसऱ्यांदा यायच्या आत काहीतरी करायला हवं. ड्रमरने इलेक्ट्रॉनिक किट घेतलंय, जाळीच्या मेश पॅडवालं. म्हटलं चला, आता सगळेच हेडफोनवर जाऊ, प्रश्न मिटला.

कसला मिटतोय. काल पहिला प्रयत्न केला. माझ्याकडे जुना १२ चॅनलचा ॲनालॉग मिक्सर पडलेला, त्यात सगळ्यांना घुसवलं, हेडफोनच्या भोकातून एक स्प्लिटर, त्याला दुसरा स्प्लिटर, असं करत करत पाच हेडफोन लटकवले. आवाज इतका बारीक की ड्रमरला काठी पॅडवर आपटल्याचा टकटकाट हेडफोनमधल्या ड्रमपेक्षा मोठा येत होता. बेसवाला म्हणे मला मीच ऐकू येत नाही, त्याला वाढवलं तर गाणारी म्हणे आता मला फक्त बेसच येतोय. मग मी अक्कल चालवून माझा हेडफोन मिक्सरच्या ऑक्स आउटमध्ये (मेनपेक्षा वेगळं मिक्स बाहेर काढायचं भोक) लावला, तर तिथे वेगळंच नाटक, आवाज बारीक तर होताच पण सगळं डोक्याच्या मागून कुठूनतरी येतंय, दोन कान एकमेकांशी भांडतायत असं काहीतरी. दुसऱ्या गिटारवाल्याने ब्लूटूथ हेडफोन आणलेला, ट्रान्समीटर वगैरे लावून, त्याचं तर बोलूच नका, अख्खं गाणं तो आमच्या मागून धावत होता.

तर प्रश्न असा की नक्की काय घ्यायचं? आणि सगळं एकदम घेणं शक्य नाहीये, तर आधी काय घ्यायचं?

केबल_गुंडाळ्या

स्प्लिटरने पाच जण चालवायचे म्हणजे एका चहात पाच बिस्किटं एकदम बुडवण्यातला प्रकार. ३२ ओहमचे (ओहम म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा अडथळा) पाच हेडफोन पॅरलल लागले की मिक्सरला समोर दिसतात ६.४ ओहम, त्याचा बिचाऱ्याचा हेडफोन ॲम्प एका माणसासाठी बनवलेला असतो, तो किती ओढणार. त्यात कोणाचा हेडफोन ३२ चा, कोणाचा २५० चा असेल तर २५० वाल्याला सगळ्यात हळू येणार आणि तो वाढव वाढव करत बसणार. एकच मॉडेल वेगवेगळ्या ओहममध्ये मिळतं हे लोकांच्या लक्षातच येत नाही, उदाहरणार्थ बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० अशा तीन प्रकारात येतो. घेताना आकडा बघून घ्या.

तुझ्या भांडणाऱ्या कानांचं कारण सोपं आहे. बहुतेक तुझ्या मिक्सरचा ऑक्स आउट बॅलन्स्ड आहे. म्हणजे जॅकच्या टोकावर सिग्नल आणि मधल्या रिंगवर तोच सिग्नल उलटा करून. मिक्सरला वाटतं पुढे दुसरं कुठलंतरी मशीन आहे, ते दोन्हीतला फरक काढून घेईल. तू तिथे स्टिरिओ हेडफोन लावलास, त्याच्यासाठी टोक म्हणजे डावा कान आणि रिंग म्हणजे उजवा, मग डाव्याला सरळ आवाज आणि उजव्याला उलटा. मेंदूला कळेना की आवाज आहे कुठे. काही बिघडलं नाहीये, फक्त त्या भोकाचं ते काम नाही. ऑक्स आउटमधून हेडफोन ॲम्पमध्ये जायचं आणि तिथून कानात.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला आवाज कमी पडत होता हा एक भाग झाला, पण खरं भांडण आहे ते "मला मी हवा" याचं. ॲम्पवर वाजवताना हे आपोआप होतं, आपण आपल्या ॲम्पजवळ उभे राहतो. हेडफोनमध्ये जवळ लांब काही नसतं, म्हणून प्रत्येकाला स्वतःचं वेगळं मिक्स लागतं, हे नसेल तर हेडफोन कितीही भारी आणा काही उपयोग नाही. त्याचे मला माहीत असलेले दोन रस्ते. एक म्हणजे खास ह्याच कामासाठी बनवलेला डबा, जॅमहब हे त्यातलं प्रसिद्ध नाव, ५ किंवा ७ जणांचे भाग असतात, प्रत्येकाने आपापल्या भागात वाद्य, माइक आणि हेडफोन लावायचा आणि समोरच्या बटणांनी कोण किती ऐकू यावं ते आपलं आपण ठरवायचं. मोबाइल नको, वायफाय नको, समजवायला पाच मिनिटं लागतात. दुसरा रस्ता म्हणजे डिजिटल मिक्सर, जसा बेरिंजरचा एक्सआर१८. त्यात १६ माइक इनपुट, २ लाइन आणि ६ ऑक्स आउट. प्रत्येकाला एक ऑक्स दिला की पाच जणांचं काम झालं, वर एक उरला, आणि प्रत्येकजण आपल्या फोनवरून आपलं मिक्स हलवतो. मी असतो तर दुसरा रस्ता धरला असता कारण उद्या स्टेजवर वाजवायचं झालं तर तोच डबा उचलून न्यायचा, आणि यूएसबीवर सगळे चॅनल वेगवेगळे रेकॉर्डही होतात.

पण मिक्सर घेतला की झालं असं नाही, ऑक्स आउट ते कान यामध्ये हेडफोन ॲम्प लागतोच, हे सगळे विसरतात. आणि तो घेताना बघायचं की प्रत्येक चॅनलला वेगळा इनपुट आहे ना. साधे चार चॅनलवाले असतात त्यात एकच इनपुट चौघांना वाटला जातो, म्हणजे परत सगळ्यांना तेच मिक्स, फक्त मोठ्याने. आगीतून फुफाट्यात.

चौथी_तार

वरच्या भाऊंचं बरोबर आहे पण जरा थांबा, लगेच नवीन मिक्सर घ्यायलाच हवा असं नाही. आम्ही वर्षभर जुन्या ॲनालॉगवरच काढलं. त्यात दोन ऑक्स होते, एक गाणाऱ्याला दिला, एक ड्रमरला, आणि उरलेले आम्ही तिघं मेन मिक्स ऐकायचो. तिघांचं बऱ्यापैकी जमतं कारण गिटार आणि बेसवाल्यांच्या तक्रारी तशा सारख्याच असतात. फक्त ऑक्स प्री फेडर (म्हणजे चॅनलच्या सरकत्या बटणाच्या आधीच सिग्नल घेणारा) आहे ना ते बघून घे, पोस्ट असेल तर तू मेनमध्ये काहीही हलवलंस की गाणारीच्या कानातही हलणार आणि ती तुझ्याकडे असं बघणार की विचारू नकोस.

आणि पॅन करा रे! ह्याने जितका फरक पडला तितका कुठल्याच खरेदीने पडला नाही आम्हाला. दोन्ही गिटार मध्यभागी असतील तर चिखल होतो, एक डावीकडे एक उजवीकडे टाकली की दोघांचाही आवाज न वाढवता दोघं ऐकू येतात. अर्थात हे मेन मिक्स स्टिरिओ ऐकणाऱ्यांनाच, मोनो ऑक्सवाल्यांना नाही. सहा ऑक्समध्ये स्टिरिओ द्यायचं म्हटलं तर एकाला दोन ऑक्स लागतात म्हणून तिघंच बसतात हेही लक्षात घ्या, एक्सआर१८ वाल्यांनो. त्यावर उपाय म्हणजे त्याच्या अल्ट्रानेटच्या भोकाला पी१६ चे पर्सनल मिक्सर लावायचे, एका नेटवर्क केबलवर १६ चॅनल जातात आणि प्रत्येकाच्या समोर स्वतःची बटणं, स्टिरिओसकट. पण पाच माणसांना पाच घ्यायचे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

बेसवाला म्हणून अजून एक रडगाणं. हेडफोनमध्ये बेस ऐकू येतो पण अंगाला लागत नाही. पहिले दोन महिने मला वाटायचं मी वाजवतच नाहीये आणि मी तारा जोरात ओढायचो, बोटं सोलून निघाली. मग कोणीतरी सांगितलं की लो वाढवू नकोस, मधल्या फ्रिक्वेन्सी थोड्या वाढव, नोटेची सुरुवात कानात स्पष्ट आली की हात आपोआप हलका होतो. झालाही.

बेताल_पण_खुशाल

अरे वा, दोघांनाही धन्यवाद, ऑक्सचं कोडं सुटलं एकदाचं. आमच्याकडेही दोन ऑक्स आहेत, त्यातला एक बहुतेक पोस्टच आहे, इफेक्टसाठीचा. बघतो.

एक विचारायचं राहिलं. दुसऱ्या गिटारवाल्याकडे ट्यूब ॲम्प आहे आणि त्याचा जीव आहे त्याच्यावर. तो म्हणतोय स्पीकरची वायर काढून ठेवतो, म्हणजे आवाज होणार नाही, आणि मागच्या सेंड मधून (इफेक्टला सिग्नल देण्याचं भोक) मिक्सरला देतो. चालेल ना?

केबल_गुंडाळ्या

नाही नाही नाही. थांबव त्याला. ट्यूब ॲम्प स्पीकर किंवा लोडशिवाय चालवायचा नसतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, ट्यूबा जाऊ शकतात. हे ट्रान्झिस्टरवाल्या ॲम्पला सहसा चालून जातं म्हणून लोकांचा गैरसमज होतो. त्याला तोच ॲम्प वापरायचा असेल तर लोड बॉक्स लागेल, जो स्पीकरची जागा घेतो, ताकद पचवतो आणि लाइन सिग्नल बाहेर देतो. ॲम्पच्या ओहमला आणि वॉटला जुळणाराच घ्यायचा. त्यातही कॅबिनेट सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरच्या डब्याची नक्कल) असलेला बघा, कारण नुसता लाइन आउट हेडफोनमध्ये ऐकला तर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येतो. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडत नाही, ती चाळणी काढलीत की सगळी खरखर सरळ कानात.

नाहीतर मॉडेलर पेडल, एचएक्स स्टॉम्पसारखं काहीतरी, त्यात ॲम्प कॅबिनेट सगळं आत असतं. जीव असलेला ॲम्प घरी कपड्याखाली झाकून ठेवायचा.

उजवा_पाय

ड्रमर बोलतोय. तुम्ही सगळे मिक्सरवर चर्चा करताय आणि खालचे काका परत येणार ते माझ्या जातभाईमुळे येणार, लिहून ठेवा. ई-किट शांत असतं हे अर्धसत्य आहे. खोलीत ते शांत असतं. पॅडवरचा टकटक आवाज हवेतून जातो, तो भिंतीला अडतो, पण किकच्या पेडलचा बीटर जेव्हा पॅडवर बसतो तेव्हा तो धक्का स्टँडमधून फरशीत आणि फरशीतून खालच्या छतात जातो. खाली बसलेल्याला संगीत काहीच येत नाही, फक्त धप् धप् धप्, कोणीतरी वर मसाला कुटतंय असं. वरून तुम्ही हेडफोनमध्ये असल्यामुळे तुम्हाला पत्ताच नसतो. गालिचा टाकून काहीही होत नाही, मी तीन टाकलेले एकावर एक.

माझ्याकडे चाललेला उपाय म्हणजे टेनिस बॉलचा प्लॅटफॉर्म. प्लायवूडचे दोन जाड तुकडे किटच्या मापाचे, दोन्हीत समोरासमोर गोल भोकं पाडायची, बॉल साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास असतो तर भोक पाचच्या आसपास, म्हणजे बॉल बसतो पण आरपार जात नाही. खाली एक पत्रा... सॉरी एक प्लाय, मधे बॉल, वर दुसरा प्लाय. दोन्ही प्लाय एकमेकांना कुठेही टेकता कामा नयेत आणि वरचा भिंतीलाही टेकता कामा नये, मी पहिल्यांदा कोपऱ्यात भिंतीला घट्ट लावून ठेवलेला आणि सगळी मेहनत पाण्यात, धक्का भिंतीतून गेला. बॉल जिथे वजन जास्त तिथे जास्त, म्हणजे स्टूल आणि किकच्या खाली. पण म्हणून खच्चून भरायचे नाहीत, बॉल थोडे दबले पाहिजेत तरच ते स्प्रिंगचं काम करतात, फार भरले की दगड होतो. पहिल्या दिवशी होडीत बसून वाजवतोय असं वाटेल, आठवड्यात सवय होते. स्टूलही प्लॅटफॉर्मवरच हवं, नाहीतर किटशी उंची जुळत नाही.

तयार हवं असेल तर रोलंडचे नॉइज ईटर म्हणून रबरी पाय मिळतात, पेडलखाली आणि स्टँडखाली लावायचे. आणि एकदा एकाला वाजवायला बसवून स्वतः खाली जाऊन ऐकून या, काकांना आधी विचारून. मी गेलो होतो तेव्हा मला माझाच राग आला.

मिलीसेकंद

ब्लूटूथवाल्याचा हिशोब कोणी मांडला नाही म्हणून मांडतो, हा माझा आवडता विषय आहे. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जवळजवळ ३ मिलीसेकंद. साध्या ब्लूटूथ हेडफोनचा उशीर १५० मिलीसेकंद धरला (याहून जास्तही असतो) तर तुमचा मित्र ड्रमरपासून ५० मीटर लांब उभा राहून वाजवत होता. १२० च्या टेम्पोला सोळाव्या भागाची एक नोट १२५ मिलीसेकंदाची असते, म्हणजे तो एका नोटेपेक्षाही जास्त मागे. त्याची काही चूक नाही, बिचाऱ्याने गिटार वाजवली तीच त्याला उशिरा ऐकू येत होती. वायरचा हेडफोन घ्या, लांब एक्सटेन्शन घ्या, विषय संपला.

डिजिटल मिक्सरची काळजी करू नका, त्याचा उशीर एक-दोन मिलीसेकंदाच्या घरात, ॲम्पच्या अर्धा मीटर पुढे उभं राहिल्यासारखा. गोची होते ती लॅपटॉपमधून आवाज फिरवताना. ४८ किलोहर्ट्झला २५६ चा बफर (लॅपटॉप साठवून मग पुढे ढकलतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे ५.३ मिलीसेकंद, तो जाताना एकदा आणि येताना एकदा, वर ड्रायव्हरचा वेगळा. त्यात गिटारवाल्याचं मॉडेलर, ड्रमचं मॉड्यूल, प्रत्येकजण आपले दोन-चार मिलीसेकंद आणतो आणि बेरीज होते. म्हणून रेकॉर्डिंग खुशाल लॅपटॉपवर करा पण ऐकायचं मिक्सरवरूनच.

वरचा_सा

मी गाते, म्हणून गाणाऱ्यांच्या बाजूने. एक तर मला हसू येतं जेव्हा लोक याला सायलेंट प्रॅक्टिस म्हणतात. तुम्ही सगळे सायलेंट, मी नाही ना! एकदा माझी आई खोलीत आली, तिला काय दिसलं तर चार मुलं माना हलवतायत, तारांचा किणकिणाट, पॅडचा टकटक, आणि मी एकटी डोळे मिटून जीव तोडून गातेय, संगीत शून्य. ती हळूच दार लावून गेली. तेव्हा बेताल, तुमच्या गाणारीला सांग की काकांना आता फक्त तिचा आवाज ऐकू येणार आहे, वेळ तिच्या हिशोबाने ठरवा. हळू गा असं मात्र सांगू नका, हळू गाऊन केलेली प्रॅक्टिस मोठ्याने गाताना कामाला येत नाही, श्वास वेगळा लागतो.

दुसरं, बंद हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो, हाडांमधून आलेला आवाज कानात अडकून राहतो. त्यामुळे सूर सरकतो. मी एक कान अर्धा उघडा ठेवते, आणि माझ्या मिक्समध्ये थोडा रिव्हर्ब (मोठ्या खोलीसारखा घुमारा) घेते, अगदी थोडा. आणि एक युक्ती जी मला खूप उशिरा कळली, बऱ्याच मिक्सरवर माइकच्या चॅनलला फेज किंवा पोलॅरिटी उलटी करायचं बटण असतं, ते गाता गाता दाबून बघायचं. हाडांमधून येणारा आवाज आणि हेडफोनमधला आवाज एकमेकांना खात असतील तर आपला आवाज पोकळ लागतो, बटण दाबलं की एकदम भरतो. दोन्हीकडे करून बघायचं आणि जिकडे भरीव वाटतं तिकडे ठेवायचं. बाकी कोणाला काही फरक कळत नाही.

आणि हो, प्रत्येकाला एक माइक द्या, न गाणाऱ्यालाही. नाहीतर गाणं थांबलं की सगळे हेडफोन काढा, बोला, परत घाला, तासाभरात वीस वेळा. आमचा ड्रमर माइक नव्हता तोपर्यंत काठीने हवेत लिहून दाखवायचा, चौथा अंतरा की पुन्हा पहिला ते आम्ही ओळखायचं.

कानांची पण काळजी घ्या बाबांनो. हेडफोनमध्ये आवाज कधी वाढत गेला कळत नाही. ८५ डेसिबलला आठ तास हा हिशोब धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे ९४ ला तासभर आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. स्वतःला ऐकू येत नसेल तर स्वतःला वाढवण्याआधी बाकीच्यांना कमी करून बघा. डिजिटल मिक्सर असेल तर प्रत्येकाच्या आउटवर लिमिटर (ठराविक पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा) लावून ठेवा, कोणी चालू चॅनलची केबल उपटली की कानात फटाका फुटतो तो तरी वाचेल.

बेताल_पण_खुशाल

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, उशिराबद्दल माफी.

आधी काय घ्यायचं याचं उत्तर शेवटी काकांनीच दिलं, उजवा_पाय यांचं ऐकून खाली जाऊन ऐकलं, काकांनी खुर्ची दिली बसायला. अक्षरशः मसाला. म्हणून पहिला खर्च प्लायवूड आणि टेनिस बॉलवर. वापरलेले बॉल कमी पडले तर ड्रमरच्या भाचीचे दोन पळवले, ती बोलत नाही त्याच्याशी. दुसऱ्यांदा खाली गेलो तर काका म्हणाले चालू केलंत की सांगा, तर वर चालूच होतं.

दुसरी खरेदी, वेगवेगळे इनपुट असलेला हेडफोन ॲम्प. मिक्सर जुनाच, प्री ऑक्स गाणारीला, बाकी चौघं मेनवर, दोन्ही गिटार डावी उजवी. पोस्टवाला ऑक्स ड्रमरला देऊन बघितला, दोन गाण्यांनंतर त्याने स्वतःहून मेन मागितला. डिजिटल मिक्सर पुढच्या वर्षी बघू. ट्यूब ॲम्प घरी झोपलाय, त्याचा मालक मॉडेलर घेऊन येतो आणि दर वेळी सांगतो की तशी मजा नाही.

पोलॅरिटीचं बटण आमच्या मिक्सरला नाहीये पण उलटी वायरिंग केलेली छोटी केबल मिळाली, ती माइकला लावल्यावर गाणारी म्हणाली हं, आता मी आहे.

एकच गोष्ट उरलीय. तिचा माइक कंडेन्सर (लांबचेही बारीक आवाज पकडणारा) आहे आणि त्यात ड्रमच्या पॅडचा टकटकाट येतो, सगळ्यांच्या कानात. आणि एक कुइं कुइं आवाज येतो प्रत्येक दुसऱ्या बीटला, तो कुठून येतो कळत नाहीये.

केबल_गुंडाळ्या

कंडेन्सर काढ, एसएम५८ सारखा साधा डायनॅमिक लाव आणि तिला ओठ लावून गायला सांग, टकटक बराचसा जाईल. माइकची पाठ ड्रमकडे ठेवायची.

उजवा_पाय

कुइं कुइं म्हणजे हायहॅटच्या पेडलची स्प्रिंग. किंवा स्टूल. आधी स्टूलला तेल घाल.

बेताल_पण_खुशाल

स्टूल निघालं.